उघडून बघणारे काका

आमच्या काकांच्या हातात बंद वस्तू द्यायची सोय नव्हती.

"हा खोका कसला?"

"अहो, भेट आहे ती. शेजारच्यांच्या नव्या सुनेसाठी."

"ते कळलं. पण आत काय आहे?"

"तिने उघडल्यावर तिला कळेल."

"आणि फुटलेलं निघालं तर?"

काकू हात पुसत बाहेर येईपर्यंत चिकटपट्टी निघालेली असायची आणि काका कपबशा एकेक करून उजेडात धरून बघत असायचे. मग तोच कागद पुन्हा इतक्या बेमालूम घड्या घालून लावायचे की दुकानदारानेही ओळखू नये.

काका घड्याळजी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं एवढं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, फक्त सेल बदलून द्या." काका उजव्या डोळ्यात भिंग बसवत म्हणायचे, "सेल गेलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं? घड्याळाने?" आणि टक्कन मागचं झाकण उघडायचे. "बाहेरून सगळीच घड्याळं शहाणी दिसतात हो. आत बघितल्याशिवाय खरं नाही." सेल बदलण्याइतकंच काम असेल तरी आतली धूळ काढायचे, फुंकर मारायचे, आणि झाकण लावताना जरा हिरमुसायचे. आता आतलं दिसणार नाही म्हणून.

काकू नर्स होती. लहानशा दवाखान्यात सगळी हयात गेली तिची. दोघांनी लग्न झाल्या झाल्या वाटणी करून घेतली होती. "यंत्र माझं खातं, माणूस तुझं." घरात कुणाला ताप आला, कुणी पाय मुरगळून घेतला की काका दाराशीच उभे राहायचे. "ए, बघ गं, तुझ्या खात्यातलं आलंय." आणि खरोखरच त्यात तोंड घालायचे नाहीत.

त्यांना एकच मुलगी. तिचं कागदोपत्री नाव शाळेपुरतं होतं, आम्ही सगळे तिला किल्ली म्हणायचो. दुकानातल्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळांना किल्ली द्यायचं काम तिच्याकडे होतं, स्टुलावर चढून, जीभ दातात धरून. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना किल्ली गेली. पोटात दुखायला लागलं काय आणि चार दिवसांत गेली काय. मी तिची चुलत बहीण, तिच्याहून धाकटी, मला तेव्हा फारसं कुणी काही सांगितलं नाही. एवढं कळत होतं की त्या घरात आता तिचं नाव घ्यायचं नाही. भांडण नाही, रडणं नाही. दोघं नीट जेवायची, नीट बोलायची, फक्त मधे एक जागा मोकळी सोडून.

तिच्या मागे उरलं ते परसदारचं झुडूप. सहावीत असताना तिने शाळेच्या कुंपणाची एक फांदी मोडून आणली होती, मैत्रिणीला टोचायला. टोचून झाल्यावर दाराजवळच्या मातीत खोचली आणि विसरून गेली. ती लागली. वाढता वाढता दारापेक्षा उंच झाली. काटे दाभणासारखे, आणि हवा गार व्हायला लागली की फांदीफांदीवर लालभडक फळांचे घोस, मण्यांएवढ्या फळांचे. पाखरं यायची, निम्मी खायची, निम्मी सांडायची. वाळत घातलेल्या चादरी त्या काट्यांत अडकायच्या. काकू दर आठवड्याला म्हणायची, "एक दिवस मी हे तोडून टाकणार आहे." आणि फाटलेली चादर शिवत बसायची.

मग घरमालकाने घर विकलं. नवा मालक पाडून इमारत बांधणार होता. थंडी पडायच्या आत रिकामं करा, म्हणाला. मी तेव्हा बेकार होते, त्यामुळे सामान बांधायला माझी एकमताने नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, आधी काय बांधायचं?"

काका मागच्या दारात उभे होते. "ते कसं न्यायचं?" म्हणाले.

आम्ही तिघं रोपवाटिकेत गेलो. तिथल्या बाई धिप्पाड, हातात पाण्याची नळी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक डहाळी काढली.

"हे झाड उचलून दुसरीकडे लावता येईल?"

"केवढं आहे?"

"माझ्या डोक्याच्या वर."

"मग नाही. या काटेरी जातीला मोठेपणी हलवलेलं सोसत नाही. म्हाताऱ्या माणसांसारखं असतं ते, नुसती खुर्ची बदलली तरी रुसून बसतं."

"आमच्याकडे आहे तसा एक नमुना," काकू म्हणाली.

बाईंनी हसून मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. "याच जातीची तयार रोपं आहेत माझ्याकडे. घेऊन जा की."

"नाही. हेच पाहिजे."

"मग फळं चुरडून बी लावा."

"बी लावलं तर हेच येईल?"

"ह्याचं लेकरू येईल. हेच नाही येणार."

काका रुमालातली डहाळी बोटांत फिरवत राहिले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा काकूकडे, आणि नळी खाली ठेवली. "हेच पाहिजे असेल तर फांदी लावा. फांदी म्हणजे तेच झाड. फक्त जागा बदललेलं."

"फांदी," काका म्हणाले.

मग बाईंनी नीट समजावलं. यंदाची फूट घ्यायची, बुडाशी कडक आणि शेंड्याला कोवळी. वीतभर लांब. डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या जागेच्या, जरा खाली काप घ्यायचा, कोवळा शेंडा खुडायचा. खालची पानं आणि काटे काढून टाकायचे. जाड वाळूत थोडा नारळाचा भुसा, त्यात फांदी खोचायची, वर प्लॅस्टिकची पिशवी. सावलीत ठेवायचं.

"आणि मग?"

"मग विसरायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे हलवायचं नाही, काढून बघायचं नाही. महिना जाईल, दोन जातील. आत काय चाललंय ते तिचं तिला ठाऊक."

काकू हसायलाच लागली. "यांना? बाई, यांना डोंगर उचलायला सांगा. पण न बघता राहायला नका सांगू."

"मग माझ्याकडेच सोडा फांद्या. मी लावून देते, मुळं फुटली की घेऊन जा."

"नाही," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही."

इतक्या पटकन म्हणाले की काकूचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

त्याच दुपारी कामाला सुरुवात झाली. रंगाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडायचं काम माझं. काका भिंग लावून बसलेले, गुडघ्यावर टॉवेल, हातात नवं पातं. प्रत्येक फांदीचा डोळा शोधून, श्वास रोखून काप घेत होते. काटे काढताना मात्र घड्याळजीची बोटं काही कामाची नव्हती. पहिल्या फांदीलाच रक्त निघालं.

"हात द्या," काकू सुई घेऊन आलीच.

"अगं काही नाही झालेलं."

"कुणाचं खातं आहे हे?"

"तुझं."

"मग द्या इकडे." तिने काटा काढला, दाबून रक्त थांबवलं. काका दुसऱ्या हाताने फांदी उचलून तिला दाखवत होते. "बघ, इथे असणार तिची मुळं. इथून फुटणार." कित्येक वर्षांत मी त्या दोघांना असं एकाच वस्तूवर डोकं वाकवलेलं पाहिलं नव्हतं. रांगेने सगळे डबे मागच्या बोळात सावलीला लागले, डोक्यावर पिशव्या फुगवून. काका म्हणाले, "एक जरी लागली तरी पुष्कळ झालं." काकू म्हणाली, "लागेल हो."

काही दिवस सगळं छान होतं. पिशवीच्या आत बाष्प धरायचं, पानं हिरवीगार. मग एका डब्यातल्या फांदीने पानं टाकली. पाठोपाठ दुसरीने. काकू पाणी कमी करून बघायची, वाढवून बघायची. शेवटी मला रोपवाटिकेत पाठवलं.

बाई म्हणाल्या, "फांदी हलत असणार. नवं मूळ केसासारखं असतं, जरा धक्का लागला की तुटतं. वारा लागतोय का?"

"पिशवीच्या आत कुठला वारा?"

"मग मांजर?"

मांजर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काकू भांडी कागदात गुंडाळत होतो, तेवढ्यात बोळातून काकांची हाक आली. किती आनंदाची हाक!

"अगं ए! ये ये, लवकर ये! तू पण ये गं पोरी!"

आम्ही धावलो. काका पाटावर बसले होते. समोर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर सगळ्या फांद्या ओळीने मांडलेल्या, दुकानात घड्याळ उघडल्यावर चाकं मांडायचे तशा. प्रत्येक फांदीच्या समोर तिचा तिचा डबा. डोळ्यात भिंग, हातात चिमटा, आणि चिमट्यात एक फांदी.

"हे बघ. बुडाशी पांढरी गाठ धरलीय. काल एवढी नव्हती!"

काकू पुढे आली. ती वाकली आणि वर्तमानपत्राकडे बघत राहिली. छापील ओळींवर वाळूचे कण पडले होते, आणि त्या कणांत पांढरे धागे होते. बारीक, तुटके, बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत.

"रोज काढता?" तिने विचारलं.

"रोज कुठे? फक्त सकाळी."

मला हसू येणार होतं. पण मी काकूचा चेहरा बघितला.

"मुळं आहेत ही," ती म्हणाली. "लागल्या होत्या फांद्या. तुम्ही तोडलीत. लागल्या की तोडलीत, लागल्या की तोडलीत."

"मी हळूच काढतो. चिमट्याने. परत अगदी तशीच..."

"घड्याळ नाही हो ते! तशीच काय तशीच! तिने खोचली आणि विसरून गेली म्हणून लागली ना? तुम्हाला काय सांगितलं होतं? काहीच करायचं नव्हतं. नुसतं थांबायचं होतं. एवढं एक साधं थांबणं तुम्हाला..."

काकांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उमटला होता.

"एकदा ऐकलं होतं तुझं," ते म्हणाले. "थांबलो होतो."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं.

काकू उभी राहिली, आत गेली, आणि तिने भांडी गुंडाळायला घेतली. मी मधे दारात. मला तोवर माहीत नव्हतं ते सगळं माझ्या आईने त्या दिवशी फोनवर सांगितलं. किल्लीला दुखायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, उघडून बघावं लागेल. काकूने स्वतः पोट दाबून बघितलं होतं. मऊ आहे, म्हणाली, कापायची घाई नको, एक दिवस थांबू. विनाकारण कापलेली पुष्कळ पोटं पाहिली होती तिने, मूर्खपणाने नव्हती म्हणाली. काकांना उघडून बघायचं होतं. आयुष्यात दुसरं काय केलं होतं त्यांनी? पण माणूस तिचं खातं. ते गप्प राहिले. पोरीला घरी आणलं. अपेंडिक्स आतल्या आत फुटलं, आणि फुटल्यावर घटकाभर दुखायचं थांबतं म्हणून कुणाला कळलंही नाही.

आणि इतकी वर्षं त्यांनी हे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

त्यानंतर दोघं माझ्यामार्फत बोलायला लागली.

"तुझ्या काकांना विचार, हे स्टूल न्यायचंय का."

काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. "सांग तिला, न्यायचंय."

"विचार, नव्या घरात ठेवणार कुठे."

"सांग, डोक्यावर."

काकांनी फांद्या परत डब्यांत खोचल्या होत्या, पिशव्या चढवल्या होत्या, आणि त्यानंतर ते बोळात गेले नाहीत. भिंग आणि चिमटा त्यांनी आपण होऊन माझ्यापुढच्या खोक्यात टाकले. सकाळी बोळाकडे पाठ करून बसायचे. हात मात्र गुडघ्यावर काहीतरी फिरवत असायचे. नव्या फांद्या लावू या का, मी रोपवाटिकेत विचारून आले. बाई म्हणाल्या, आता फूट जून झाली, फळं धरली, आणि तुमच्याकडे तेवढा वेळही नाही. एकेक डबा काळा पडत गेला. काकू एकेक उचलून वाळू मातीत उपडी करायची, डबा धुवायची. शेवटी एकच उरला. त्या फांदीला वरची तीन पानं टिकून होती.

सामान न्यायच्या दिवशी गाडी मागच्या दारापर्यंत जाईना, झुडूप आडवं येत होतं. मालकाची माणसं आली होती, त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "हे झुडूप नाहीतरी जाणारच आहे. काढू का आत्ताच?"

काका काकूकडे बघायला लागले, काकू माझ्याकडे. मी कोण सांगणारी?

"काढा," काका म्हणाले.

त्या माणसाला हातमोजे नव्हते. काकूने आत जाऊन तिची जाडजूड चादर आणली, ठिगळं लावलेली, आणि त्याच्या हाताला गुंडाळायला दिली. फळांचे घोस नुकते लाल झाले होते. पडताना ती टपटप सांडली आणि चाकांखाली गेली. काका गाडीत मागे भिंतीवरच्या घड्याळांपाशी बसले. काकू पुढे, मांडीवर तो एक डबा.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर, पुढे वीतभर गच्ची. डबा तिथे कोपऱ्यात ठेवला. मला काम मिळालं, त्यामुळे मी महिन्याभराने गेले. दार उघडलं ते काकूने, आणि तिच्या मागोमाग जिन्यातून खालच्या मजल्यावरची बाई वर आली, खांद्यावर ओला टॉवेल टाकून.

"अहो, तुमच्या गच्चीतून सारखं पाणी गळतंय! तिसऱ्यांदा कपडे धुतेय मी. काय मासे पाळलेत काय?"

"छे हो, एक डबा आहे फक्त," काकू म्हणाली. "त्याला मी सकाळी फुलपात्रभर पाणी घालते. तेवढ्याने कसं गळेल?"

काका खुर्चीतून म्हणाले, "मी पण घालतो."

"तुम्ही कधी घालता?"

"तू आंघोळीला गेलीस की."

खालच्या बाईने दोघांकडे बघितलं, टॉवेल खांद्यावर सारखा केला आणि पुटपुटत खाली गेली. आम्ही गच्चीत आलो. पिशवी कधीच काढलेली होती. फांदी उभी होती, एकही पान नाही, आणि साल सुरकुतून काळी झालेली. बुडाशी पाणी साचलेलं. मला बघता क्षणीच कळलं, मग ज्या दोघांनी ती रोज पाहिली त्यांना कळलं नसेल?

"मेलंय हो ते," काकू म्हणाली. "आपण इथे आलो त्याच आठवड्यात. मी नखाने साल खरवडून बघितली होती, आत तपकिरी होतं."

"मी पण खरवडली होती. मागच्या बाजूने."

"मग पाणी कशाला घालत होतात?"

"तू घालत होतीस म्हणून. मला वाटलं, तुला कळलेलं नाही."

काकू खाली बसली, डब्याशेजारी, ओल्या फरशीवर. काका दारात उभे. मला वाटलं, आता पुन्हा ते खातं निघणार. मी आत जायला वळले तर काकांनी माझा हात धरला, जाऊ दिलं नाही. बोलायला कुणीतरी मधे लागत होतं बहुतेक. पण बोलले ते तिच्याशीच.

"त्या सकाळी तिचं दुखायचं एकदम थांबलं होतं. आठवतं तुला?"

काकूने मान हलवली.

"तू मला उठवलंस, सांगितलंस, थांबलं. मी हसलो होतो. मीच म्हणालो होतो, बघ, बरं झालं उघडलं नाही." काकांनी माझं मनगट सोडलं. "मी म्हणालो होतो ते. तू नाही."

"माहीत आहे मला," काकू म्हणाली.

"मग त्या दिवशी बोळात म्हणाली का नाहीस? मी तुला एवढं बोललो तर?"

"काय म्हणू?" काकूने फांदी धरली आणि अलगद वर ओढली. काहीही न अडकता ती हातात आली. तिने ती मांडीवर ठेवली. "चहा मागितला होता तिने. थांबल्यावर."

"अर्धा कप."

"पूर्ण कप. अर्धा तुम्ही प्यायलात."

"गार झाला होता म्हणून प्यायलो. तिनेच दिला."

"साखर जास्त होती, म्हणाली."

"जास्तच होती," काका म्हणाले, आणि भिंतीला धरून हळूहळू तिच्याशेजारी त्या ओल्यावर बसले.